मधुराचं उत्तर, माझं नाव

विनायकराव, ईरा, आणि सेक्टर बावीसच्या या हॉलमध्ये मधुराच्या शोकसभेला जमलेल्या सगळ्यांनो,

मला बोलणं जड जातंय. मधुराबद्दल चांगलं बोलायचंय म्हणून नाही. खरं बोलायचंय म्हणून.

मी तिच्यावर जळत होते.

तिचे यजमान विनायकराव हवाई दलात. त्यांची इथे बदली झाली, तेव्हा ती इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या कंपनीत आली. आम्ही रुग्णांना श्वास देणारं यंत्र बनवतो. मी तिथे अकरा वर्षं. पण तीन महिन्यांत सगळे तिला ‘मधुराजी, मधुराजी’ करायला लागले. मी अजून नुसतीच ‘मॅडम’.

तेव्हा चाचणीत यंत्राचा एखादा श्वास उशिरा पडायचा. अगदी किंचित. पण पेशंटचा श्वास तो! तीन आठवडे मी कोड उपसत होते. एका दुपारी चहा पिता पिता मधुरा म्हणाली, “वैशाली, श्वासाचं काम ऐन वेळी कर्नलकडे मेमरी मागतंय का गं?”

मागत होतं. आणि कर्नल, म्हणजे यंत्राच्या सॉफ्टवेअरचा गाभा, ती शोधून देईपर्यंत श्वास खोळंबायचा.

“पंगत बसल्यावर पानं आणायला धावतात का? लागेल तेवढी मेमरी आधीच घे, कुलूप लावून ठेव. नंतर मागायचीच नाही.”

एवढंच. सांगा, मला का नाही सुचलं?

दुसऱ्या दिवशी तिची लेक ईरा तापाने फणफणली, मधुरा रजेवर गेली. तिने सांगितलेलं मी कोडमध्ये उतरवलं. एकही श्वास चुकला नाही. रिपोर्टवर नाव घातलं माझं. एकटीचं. साहेब म्हणाले, “कमाल कर दी, मॅडम!” मी हसले.

मधुरा परत आली. तिने रिपोर्ट वाचला. म्हणाली, “चाललं ना मशीन? झालं तर मग.”

भांडली असती तर बरं झालं असतं. तिच्या त्या मोठेपणाचाही मला हेवा वाटला.

मग तिचं आजारपण आलं. हॉस्पिटलमध्ये दोनदा गेले, दोन्ही वेळा सांगायचं ठरवून. दोन्ही वेळा इकडचं तिकडचं बोलून परतले.

काल साहेबांना सगळं सांगितलं. रिपोर्टवर आता तिचं नाव आहे. ईरा, तू मराठीत बोलत नाहीस, पण तुला कळतं. ते काम तुझ्या आईचं होतं.

खोटं कशाला बोलू? आत्ता हा भरलेला हॉल पाहिला आणि मनात आलं, माझ्यासाठी एवढे येतील का? अजून जळतेच आहे मी.

मधुरा, बाई, तू माझ्यापेक्षा हुशार होतीस. हे तुझ्या तोंडावर एकदा तरी म्हणायला हवं होतं.

आता उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. मीही नाही.