बर्फावरची सोबत

राजापेठेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात बाजूची बाई फोन मोठ्या आवाजात लावून पोराशी बोलत होती. ऐकू येतं तर मी काय कान झाकून बसू?

"गजू, बर्फावर जाताना डोक्यात टोप घातला का?"

"हेल्मेट हाय आई. इथं स्वित्झर्लंडात सगळेच घालतात."

"सगळ्यायचं राहू दे. तुयं डोकं एकच हाय."

"स्कीइंगच्या मास्तरनं घसरणं शिकवाच्या आधी थांबाचं कसं तेच शिकवलं."

"शहाणा दिसते. आन् त्यायनं खुणेच्या काठ्या लावल्या असतीन, त्याच्या बाहेर जाऊ नको. बर्फाचा डोंगर कोसळते म्हणे."

"नाही जात. इथं एकट्यानं उतरूच नये म्हणतात. पडलं तर उचलाले कोणी पाहिजे."

"हे बेस हाय."

"तू कुठी हायेस? गाड्यायचा आवाज येऊन राहिला."

"बजारात. मेथी घेऊन राहिली."

"मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी करतं?"

"तू आला का करू. मले काही घाई नाही."

तिनं फोन ठेवला तशी नर्स आली.

"पार्बताबाई, ऑपरेशनला सोबत कोण आलंय?"

"येऊनच राहिले ते."

"मागच्या वेळीही हेच म्हणालात. सोबत कोणी नसेल तर आजही परत जावं लागेल."

मले खोटं बोलणाऱ्या बाया खपत नाहीत.

"मी हावो तिची नणंद," मी म्हटलं.

"तुमचंही आजच ऑपरेशन आहे ना आजी? मग तुमच्या सोबत कोण?"

मी पिशवीचा बंद आवळत बसली.

"मी हावो ना तिची भावजय," पार्बताबाई म्हणाली.