ज्याचा पाय, त्याच्याच हातून शाल

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय सुमतीताई, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सागरविलास टॉकीजचे मॅनेजर उदयसिंहराव घोरपडे, त्यांना कराडला न्यायला आलेली त्यांची लेक अनुया, पहिल्या रांगेत साध्या साडीत बसलेल्या फौजदार मनिषाताई, आमच्या कोन गावच्या गोविंदा पथकाची पोरं, नवीन पनवेल आणि सुकापूरहून आलेली ‘दर्याबाज परिवारा’ची मंडळी, आणि मागच्या दाराशी चहाच्या वासाने चुळबुळणाऱ्या माझ्या बंधूंनो, भगिनींनो, आपणां सर्वांना या जगन भोपीचा मनापासून नमस्कार.

मी शाळेत फार गेलेलो माणूस नव्हे. मिठागरात बापाबरोबर फळी ओढता ओढता अक्षरं शिकलो, तीही टॉकीजबाहेरच्या बोर्डावरची. त्यामुळे भाषण थोडं सिनेमाच्या जाहिरातीसारखं वाटलं तर सांभाळून घ्या. आणि हो, भाषण लांबणार आहे. का लांबणार ते सांगतो.

त्या टेबलावर शाल ठेवली आहे. दिसते ना सगळ्यांना? निमंत्रणपत्रिकेत छापलंय, ‘शाल देऊन सत्कार’. कुणाच्या हस्ते, ती जागा कोरी आहे. छापणाऱ्याची चूक नाही. मी सत्काराचं विचारायला गेलो तेव्हा उदयसिंहराव म्हणाले, “दादा, सत्कार करा, माझी ना नाही. पण शाल मी त्याच्याच हातून घेणार, ज्याचा पाय माझ्या अंगाला लागलाय. न्हाईतर घडी तशीच राहू द्या.” मी म्हटलं, श्रीफळ? तर म्हणाले, “नारळ नको. नारळाचं लई बघितलं त्या दिवशी.”

म्हणजे मंडळी, आज सत्कार होणार की नाही हे मला माहीत नाही. अध्यक्षांनाही नाही. ते या सभागृहात बसलेल्या तीन जणांना माहीत आहे. ते उठेपर्यंत मी बोलत राहणार. चहा त्यानंतर.

सुमतीताई शहाण्यासुरत्या घरातल्या, त्यांना हे दर्याबाज प्रकरण ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी दर रविवारी सकाळी टीव्हीवर एक कार्टून लागायचं, ‘दर्याबाज’. खेकड्याच्या कवचाचा मुखवटा घातलेला एक पोरगा, खाडीकाठी राहतो, चोर-स्मगलरांना धुतो. पण त्याचा एक नेम होता. समोरचा खाली पडला की हा हात आवरायचा. गुडघा टेकायचा, हात पुढे करायचा आणि म्हणायचा, “ऊठ. मग बघू.” पडलेल्याला त्याने कधी बोट लावलं नाही. आमच्या पनवेलच्या पोरांनी तो नेम असा उचलला की शाळेच्या मैदानात मारामारी चालू असायची, एक जण पडला की दुसरा थांबून म्हणायचा, “ऊठ, मग बघू!” पडलेला हुशार असेल तर घंटा होईपर्यंत उठायचाच नाही.

ती पोरं मोठी झाली. कुणी बँकेत, कुणी बंदरात, कुणी जमिनी विकून बिल्डर. आमच्या पथकाच्या बनियनवर आजही तो खेकडा आहे. नवीन पनवेलच्या निनादने मोबाईलवर ‘दर्याबाज परिवार’ काढला. चाळिशीला आलेली माणसं तिथे भांडतात, मुखवट्याला नांग्या दोन की चार.

मग कळलं, खऱ्या माणसांचा ‘दर्याबाज’ येतोय. मोठ्या पडद्यावर. आणि दर्याबाज झालाय कोण, तर सुकापूरचा आपला सत्यजीत! काय आनंद झाला होता! आमच्या भावेशने, माझा पुतण्या, पथकाचा म्होरक्या, पोतंभर नारळ आणले. पहिल्या दिवशी, सकाळी नऊचा खेळ, टॉकीजच्या पायऱ्यांवर ते वाढवायचे, असं ठरलं. उदयसिंहराव म्हणाले, “भावेश, पायऱ्या निसरड्या होतील रे.” भावेश म्हणाला, “सायेब, आमी हाय ना! पुसून देऊ.” सत्यजीत स्वतः आला, अंगात तो सिनेमातला पोशाख, मुखवटा काखेत. पोरांनी नारळ वाढवले, उरलेले पोत्यासकट आत नेले, आणि त्याला खांद्यावर घेतला. हे लक्षात ठेवा, खांद्यावर घेतला.

सिनेमा सुरू झाला. मी बाल्कनीत होतो. पहिलाच प्रसंग, मासळीबाजार. दर्याबाज एका माणसाला लोळवतो. तो माणूस चिखलात पडलेला, हात जोडतोय. आता गुडघा टेकणार, आता म्हणणार, म्हणून अख्खं थिएटर ओठ उघडून तयार. चारशे तोंडांत तो एक शब्द. आणि पडद्यावरच्या दर्याबाजने बूट उचलला आणि त्या माणसाच्या मानेवर ठेवला. दाबला. हाड मोडल्याचा आवाज चारी बाजूंनी आला, हल्ली तशी सोय असते.

मग खालून एक आवाज आला, चिरकलेला, लहान पोरासारखा, “हा आमचा नाय!”

आणि पहिला नारळ गेला. पडद्यातून आरपार. दर्याबाजच्या तोंडाच्या जागी भोक पडलं आणि त्या भोकातून मागची वीट दिसायला लागली. दुसरा गेला तो चुकून तिसऱ्या रांगेत, एका माणसाचं कपाळ फुटलं. खुर्च्या उपटल्या. लोखंडी पाय हातात घेऊन माणसं दिवे फोडत सुटली. रडत होती हो! फोडत होती आणि रडत होती. एक गृहस्थ, चांगला टाय लावलेला, पडद्याचं कापड दातांनी फाडत होता. मी माझी कवळी खिशात टाकली आणि जिन्याने खाली पळालो. अशा वेळी माणसाने दात सांभाळावेत.

बाहेर येतो तो काय, भावेशने थर लावायला घेतलेले. टॉकीजच्या दारावर सिनेमाचा मोठा बोर्ड होता ना, तो फाडायचा होता. शिडी होती शेजारी. पण गोविंदाला शिडी कशी दिसेल? आमच्यात उंचावरची वस्तू दिसली की थर लागतात. आणि मंडळी, आमच्या गावच्या माणसाचं असं आहे, थर लागताना दिसला की खांदा आपोआप पुढे जातो. सत्तरी ओलांडलेला मी, गुडघ्याची वाटी बदललेली, आणि विचार करायच्या आत मी तळाच्या कड्यात मान खाली घालून उभा! कशासाठी उभा, कुणाच्या बाजूने उभा, काही नाही. खांदा दिला. सगळ्यात वर चढली माझी नात वेणू.

हसू नका. इथून पुढे हसण्यासारखं नाही.

तळात उभं राहिलेल्याला काय दिसतं, गोविंदांना विचारा. मान छातीला, हात शेजाऱ्याच्या गळ्यात. फक्त जमीन दिसते. जमीन आणि पाय. आणि हलता येत नाही. मी हललो तर वरची पोरं कोसळणार, नात डोक्यावर पडणार. कान मात्र उघडे असतात. बाहेरून भावेशचा आवाज येत होता, “दुसरा थर घट्ट धरा! वेणू, सावकाश!” आणि तो आवाज एकाएकी थांबला. थर लावणाऱ्याचा आवाज थांबला की तळातल्याने समजावं, तो जागेवर नाही.

सत्यजीतला उदयसिंहरावांनी बाजूच्या दाराने बाहेर काढलं होतं. पोरगा त्याच पोशाखात. कुणीतरी ओरडलं, “तो बघा, हरामखोर!” माझ्या डोळ्यांपासून चार हातांवर, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायरीवर, सत्यजीत पाय घसरून पडला. म्हणत होता, “अहो, तो सीन मलाही नको होता! मी पण तुमच्यातलाच आहे!” कोण ऐकतंय? पहिली लाथ पोटात बसली. दुसरी तोंडावर. त्याचा एक दात घरंगळत माझ्या अंगठ्याशी येऊन थांबला. ओला, लाल.

मग पायांच्या त्या गर्दीत एक राखाडी पँट आडवी झाली. उदयसिंहराव. ते त्या पोरावर पालथे पडले. नुसते पडले, हात उचलला नाही. “मारू नका, लेकरू हाय,” एवढंच म्हणत होते. लाथा थांबल्या नाहीत. आता त्या बरगड्यांवर बसायला लागल्या. ओल्या पोत्यावर फळी मारावी तसा आवाज येत होता. ‘ऊठ, मग बघू’ म्हणणारं त्या गर्दीत एकही तोंड नव्हतं. पडलेल्याला मारलं म्हणून ज्याच्यावर चिडले, त्याला खाली पाडून मारत होते. आणि मी तिथे उभा, नातीचं वजन खांद्यावर, बोंबलायला तोंड उघडावं तर कवळी खिशात.

वेणूने वर बोर्ड फाडला. टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी मारली.

गावभर नंतर काय बोललं गेलं? कोनच्या पोरांनी मारलं. सुकापुरात तेच, नवीन पनवेलच्या सोसायट्यांत तेच. गोविंदा आले, दंगा केला. सुमतीताई, गोविंदा थरात पायात काही घालत नाहीत. मी पाय बघितलेत. नीट ऐका. एक पाय होता पांढऱ्याशुभ्र स्पोर्ट शूजचा, निळी नाडी. एक होता बाईचा, उंच टाचेची मोती रंगाची सँडल. त्या टाचेनेच उदयसिंहरावांचा डोळा गेला. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला नवल वाटलं नाही, मी ती टाच वर जाताना आणि खाली येताना बघितली होती.

आत्ता पाच-सहा जणांनी पाय खुर्चीखाली घेतले. दिसतं इथून. मंच उंच आहे.

आणि तिसरा पाय अनवाणी होता. अंगठ्याला नख नसलेला. ते नख होडीच्या फळीखाली गेलं तेव्हा तो पाय मांडीवर घेऊन मीच हळद दाबली होती. सात वर्षांचं पोर होतं, रडलं नाही.

मी हे पोलिसांत सांगितलं नाही. मनिषाताई माझ्याकडे बघतायत. ताई, मघाशी दारात मी तुम्हांला विचारलं, पाहुण्या म्हणून आलात की फौजदार म्हणून? तुम्ही म्हणालात, “काका, दोन्ही. शाल झाली की मग मी फौजदार.” बरोबर आहे तुमचं. जो उठेल त्याला मी फसवत नाही. इथून तो तुमच्याबरोबर जाईल. कुणाची नोकरी जाईल, कुणाचं ठरलेलं लग्न मोडेल. आमच्या घरातही मांडव पडायचाय, वैशाखात. आणि कोणी उठलं नाही तर उदयसिंहराव संध्याकाळच्या गाडीने कराडला जातील, नाव न घेता. मी इस्पितळात त्यांना विचारलं होतं, कोण होतं, ओळखलंत? म्हणाले, “सगळ्यांना ओळखलं. लहानपणापासून तिकिटं फाडलीत मी त्यांची.” मग सांगत का नाही? तर म्हणाले, “मी सांगितलं तर त्यांना पकडतील. ते आले, तर आले.” या दोन्हींतला फरक मला शाळेत न जाता कळला. शिकलेल्यांना कळायला काय हरकत आहे?

सत्यजीत आज आलेला नाही. गर्दीचा आवाज ऐकला की त्याला अजून दरदरून घाम फुटतो. त्याने एवढंच विचारलं, “काका, मुखवटा सापडला का?” तुडवलेला सापडला. लहानपणी पुठ्ठ्याचा करून घालायचा तो. आपल्या सगळ्यांसारखाच.

आता माझं बोलणं संपत आलं. तोंड कोरडं पडलं. मी काही धमकी देत नाही, शापबिप देत नाही. तुम्हीच दर रविवारी जे वाक्य म्हणायचात, ते आज पहिल्यांदा मी म्हणतो. जो बसलाय त्याला म्हणतो.

ऊठ. मग बघू.

...

पंखा बंद करा रे तो. काही ऐकू येत नाही.

...

बस, भावेशची आई, हात धरू नकोस त्याचा. येऊ दे त्याला. वहिनी, सोड. मांडवाचं आपण बघू.

ये. पायरीशी थांबू नकोस, तू तर अनवाणीच आहेस. बाकीच्यांनी पायताणं खाली काढा, मंचावर समई आहे. होय, बाकीच्यांनी म्हणालो, कारण मागून अजून कोणीतरी उठलंय. निनाद, तू? ये बाबा. नाडी सुटत नसेल तर सावकाश सोड, आम्हांला घाई नाही. आणि मोती रंगाच्या सँडलवाल्या ताई, तुम्हीही. रडू नका, डोळे पुसा, पायरी दिसायला हवी. त्या दिवशी मान खाली घालून हे पाय बघितले, आज मान वर करून तोंडं बघतो. शाल एकच आहे. टोकं चार आहेत, तिघांनी धरा.

काय म्हणता उदयसिंहराव? माईक द्या त्यांना. नको? बरं, मीच सांगतो. भावेश, ते म्हणतायत डावीकडून येऊ नकोस. त्या बाजूने त्यांना दिसत नाही.

समोरून ये, बाळा. त्यांना तुझं तोंड बघू दे.

...

मंडळी, हे सभागृह ज्यांनी दिलं, सतरंज्या ज्यांनी घातल्या, आणि इतका वेळ चहावाचून जे बसले, त्या सर्वांचे आभार. अध्यक्षांचे आभार, त्यांनी मध्ये एकदाही घड्याळ बघितलं नाही. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते तुम्ही पोटात घाला. त्या तिघांचं पोटात घाला, असं मात्र मी तुमच्याकडे मागत नाही. ते ज्यांच्याकडे मागायचं, त्यांच्यासमोर ते तिघं आत्ता उभे आहेत, आणि उदयसिंहरावांनी शालीखालून हात पुढे केलाय.

मनिषाताई, दोन मिनिटं. चहा घेऊन जाऊ द्या त्यांना.