ताऱ्यांच्या फोटोतली राखी

आर्णीहून निघालेल्या एसटीत शारदाबाईंच्या पुढच्या सीटवर एक तरणं जोडपं मोबाइलवर फोटो पाहत होतं. नवरा रात्रीच्या आभाळाचे फोटो काढायला नुकताच शिकत होता.

“वावरात इतका वेळ उभं केलं मले, अन् फोटोत मी कुठीच नाई?”

“तू हालली ना वं राखी! भुतासारखी दिसत होती. एडिटिंगमधी काढून टाकलं तुले.”

“मच्छर चावून राह्यले होते! मंग उभं कायले केलं?”

“तारे पाह्य ना, कसे साफ आले!”

“मले वापस आणा.”

“सारं एडिटिंग जाईन. तारे फिके पडतीन.”

“पडू द्या.”

त्यानं कुरकुरत बोट फिरवलं. शारदाबाईंना राहवलं नाही. त्यांनी मान पुढं काढली. फिक्या आभाळाखाली एक पुसट बाई हात झटकत उभी होती.

“आता हाच ठेवा स्टेटसले,” राखी नवऱ्याला म्हणाली.