तारेवर खुशाल राहिलेली आक्का

आम्ही मूळचे चिपळूणकडचे, पण लग्न होऊन मुलुंडला आले ती इथलीच झाले बघा, औषधाच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावतेय अजून. तुम्ही विचारलंत आक्काचं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सुशीला. तिला शाळेत घातलंच नव्हतं, तेव्हा सासरहून पत्र यायचं ते सासऱ्याच्या हातचं, सौ. सुशीला खुशाल आहे, घरात रुळली आहे, काळजी नसावी. दर खेपेला तेच. वडील वाचायचे आणि खुंटीच्या तारेला टोचून ठेवायचे.

एकदा गणपतीला आली तर दंडावर डाग, जळक्या लाकडाचे. मीच न्हाणीत तिच्या पाठीवर पाणी घालत होते ना, या डोळ्यांनी बघितले. आईला म्हणाली, मला ठेवून घे. आई म्हणाली, बाईच्या जातीला सोसावं लागतं, आणि गौरी गेल्या तशी तिलाही लावून दिली. मग काय सांगू तुम्हाला, शिमग्याच्या आधी कार्ड आलं, विहिरीवर पाय घसरला म्हणून. वडिलांनी ते पायरीवर उभ्यानंच वाचलं, तिथंच फाडलं आणि आंघोळीला गेले. मेल्याचं पत्र घरात ठेवत नाहीत आमच्याकडे, तारेला तर नाहीच नाही. झालं, तारेवर आक्का खुशालच राहिली.

आता आमचा वसंता, माझा धाकटा भाऊ, इथंच मुलुंडला असतो, आक्का गेली तेव्हा रांगत होता. गेल्या वर्षी त्याच्या वाचनालयानं जुन्या पत्रांचं प्रदर्शन भरवलं, जुनी माणसं कशी राहायची ते म्हणे पत्रांतून कळतं. यानं गावाहून ती तार आणलेली, दिली काढून. मी हौसेनं नवी साडी नेसून गेले, तर काचेखाली सासऱ्याची कार्डं आणि वर पाटी, सुखी सासुरवाशीण. बायका वाचून म्हणतायत, किती गोड ना! माझं डोकंच फिरलं. वसंताला म्हटलं, काढ ते, नाहीतर खाली लिही की हिला डागत होते. तो म्हणाला, ताई, कागदावर आहे तेच मांडायचं असतं, तुझ्या म्हणण्याला पुरावा काय? पुरावा! अरे, पुरावा आईनं परत पाठवला आणि वडिलांनी पायरीवर फाडला. पण माझं कोण ऐकतंय, कार्डं अजून वाचनालयाच्या कपाटात आहेत, कुलूप लावून जपलीत.

चीड येते हो, अजून येते. ज्यानं छळलं त्याचं अक्षर राहिलं आणि तिचा एक शब्द नाही कुठं.

आता वसंताच्या मीनलचं लग्न ठरलंय, दहिसरला देतायत. पोरगी शिकलेली आहे, मला म्हणाली, आत्या, मी तुला पत्र लिहीन. म्हटलं, सुखी राहा गं बाई, लिहायचं तर लिही, पण कुणी अंगाला हात लावला तर पत्र लिहीत बसू नको, नेसत्या लुगड्यानिशी रिक्षात बस आणि माझ्याकडे ये, भाडं मी खाली येऊन देईन, आणि तुझा बाप न्यायला आला तरी मी दार उघडणार नाही.