पलीकडून आवाजच येईना
अगं, त्या इंटरनेटच्या फोनने माझा जीवच घेतला असता. बाबांची बायपास होऊन महिना झाला होता आणि भांडुपच्या घरी ते एकटेच होते. घरात मोबाईलला रेंज नाही, म्हणून राउटरला जोडायचा फोन घेतलेला. राउटर आदल्याच दिवशी बदलला होता.

दुपारी मरोळच्या ऑफिसातून फोन लावला. उचलला गेला, पण पलीकडे चिडीचूप.

“बाबा, बोला ना!”

पुन्हा लावला, पुन्हा तेच. मी फोनवरच रडायला लागले. रडत, ओरडत रिक्षा पकडली.

घर चौथ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. धावत चढले, तर दुसऱ्या मजल्यावर बाबा पायरीवर बसलेले, घामाघूम.

“मला सगळं ऐकू येत होतं गं,” ते धापा टाकत म्हणाले. “मी बरा आहे म्हणून ओरडतोय आणि तू रडतेयस. वाटलं, तुलाच काहीतरी झालं. म्हणून निघालो मरोळला.”

डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक निघालं. नव्या राउटरची एक सेटिंग बाबांचा आवाज अडवत होती; मेकॅनिकने ती बंद केली. मी गेटपाशी जाऊन फोन लावला.

“बाबा, ऐकू येतंय?”

“येतंय. तू आधी वर ये.”