ताकाला गेलो, भांडं न्हाणीत लपवलं

…म्हणून तुम्हाला सांगतो, खाटा मागायच्या असतील तर आधी घरातलं गोणपाट लपवू नका हो! हसताय काय? मी लपवलं! मी, यशवंत मास्तर, तीस वर्षं पोरांना शिकवलं, 'ताकाला जाऊन भांडे लपवणे, वाक्यात उपयोग करा', छड्यासुद्धा मारल्या… आणि रिटायर झाल्यावर ह्या म्हणीचा उपयोग स्वतःच करून बसलो!

जुन्या हुबळीत आमचं निराधार बायकांचं घर. मी सेक्रेटरी. अकरा म्हाताऱ्या, खाटा दोन. बाकीच्या नऊजणी फरशीवर गोणपाट टाकून. अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात फरशीला अशी ओल आली, अशी ओल आली, की दोघींच्या छात्या भरल्या. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, पुढच्या पावसाळ्यात ह्यांना खाली झोपवलंत तर मला बोलावू नका, खांदेकऱ्यांना बोलवा." माझी झोपच उडाली की हो!

मग कळलं, बेंगळुरात एक खासगी फाउंडेशन आहे, फक्त कर्नाटकातल्या सेवाभावी संस्थांना अनुदान देतं. फॉर्म मागवला. चौदा पानं! 'आपण कर्नाटकातच काम करता काय?' अहो, पणजोबांपासून इथंच आहोत, जाणार कुठं? 'लाभार्थींची पाच वर्षांची उद्दिष्टं?' आमच्या चंद्रभागा आजींना विचारलं. वय ब्याऐंशी. म्हणाल्या, "पाच वर्सं? हितं पावसाळा निघंना, लिवा काय बी." मी लिहिलं, स्वावलंबन.

आणि पत्र आलं! फाउंडेशनच्या मॅडम स्वतः पाहणीला येणार! झालं, आमच्या अध्यक्षा हेमावतीअक्का, वकिलाच्या घरातल्या, पदर खोचून उभ्या. "पाहुणी येणार आणि तिला गोणपाट दाखवायचं? आपली अब्रू आहे काय नाही, मास्तर?" मी म्हटलं, अक्का, ताकाला जाऊन… "भांडं असूद्या, खाटा आणा!" आणल्या की! गल्लीतनं नऊ खाटा, भरतकामाच्या चादरी, कुणाचा टेबलफॅन, शेजारच्या सविताच्या सासूबाईंना तर उठवून त्यांच्या अंगाखालची खाट आणली. गोणपाटं सगळी न्हाणीघरात.

वेदश्री मॅडम आल्या. अक्कांनी चुरमुऱ्यांचं गिरमिट दिलं, मिरचीभजी दिली, पेढे दिले, वर ओटी भरली. मॅडम सगळीकडं फिरल्या, चादरीवर हात फिरवला आणि कन्नडात म्हणाल्या, "एल्ला इदेयल्ला, मास्तर!" सगळं आहे की तुमच्याकडं! "आमच्याकडं खरोखर गरजू संस्था रांगेत आहेत, तुम्हाला कशाला अनुदान?" आणि पेन उघडलं. अक्कांकडं बघतो, तर त्या आणखी एक पेढा पुढं करतायत! सांगायचं कुणी? सांगितलं तर खोटे, गप्प बसलो तर म्हाताऱ्या ओलीत…

तेवढ्यात दारात सविता. "मास्तर, खाट द्या की. सासूबाई सकाळपासून स्टुलावर बसल्यात." मी डोळे मोठे केले. तिला वाटलं माझ्या डोळ्यात काही गेलंय! आणि आमच्या चंद्रभागा आजी त्याच खाटेवरनं शांतपणे खाली उतरल्या. "ने बाई. नुसती बसलेय हां, आडवी न्हाई झाले. आपली न्हवं ती, उगं सवय लागायची."

मॅडमचं पेन थांबलं. "आजी, मग तुम्ही झोपता कुठं?" आजींनी सरळ न्हाणीघराचं दार उघडलं. धपाककन गोणपाटं बाहेर! अक्कांनी पदर तोंडाला लावला. मला तर फरशीनं पोटात घ्यावं असं झालं. मॅडम खाली बसल्या, गोणपाट हातात घेतलं, ओलं होतं. मला म्हणाल्या, "मास्तर, हे आधी दाखवायचं हो."

मिरगाच्या आधी अकरा नव्याकोऱ्या लोखंडी खाटा आल्या! पहिला पाऊस कोसळला तेव्हा मी छत्री घेऊन बघायला गेलो. अकराच्या अकरा वर, कोरड्या, आणि चंद्रभागा आजी चक्क घोरतायत! तुम्हाला सांगतो, तिथंच उंबऱ्यावर बसून रडलो मी. सुटलो एकदाचा!

सुटलो म्हणतो… परवा, भर उन्हाळ्यात, अळणावरच्या आश्रमाचे नागोजी टेम्पो घेऊन दारात. "मास्तर, चार खाटा द्या की दोन दिवस. आमच्याकडं वेदश्री मॅडम येणार." मी कपाळाला हात लावला. अख्खी कथा सांगितली. म्हण सांगितली, अर्थ सांगितला, वाक्यात उपयोग करून दाखवला! नागोजी म्हणतात, "पटलं मास्तर. पण पाहुणी येणार अन् फाटकं दाखवायचं?" अहो, पण खाटांवर त्याच मॅडमच्या फाउंडेशनचं नाव रंगवलंय! "त्यावर चादर टाकतो."

चंद्रभागा आजी लगेच आडव्या झाल्या, "माझी सोडून!" मी आशेनं हेमावतीअक्कांकडं बघितलं. अक्का म्हणाल्या, "मास्तर, त्यांच्या चादरी आखूड असतील. आपल्या लांब आहेत, त्या द्या."

दिल्या. इस्त्री करून दिल्या.