नव्या ब्लॉगवरचा फोटो

— नाही नाही, बस तू, स्लाविका. कॉफी संपल्याशिवाय उठायचं नाही. काय सांगत होते मी? हं, ब्लॉग. अगं, जुन्या कंपनीने गाशा गुंडाळला ना — आधी ‘कायमचं फुकट’ म्हणायचे, आणि आता एका ओळीचं पत्र, सामान हलवा म्हणून. मग वुकने तिकडे व्हिएन्नात बसून सगळं उचललं नि नव्या जागी मांडलं. गुणी पोर आहे — बाप्तिस्म्याला तूच तर धरलं होतंस त्याला. आणि सगळं आलं बघ! भाजक्या मिरच्यांचा आयवार आला, क्विन्सचा मुरंबा आला, बाल्कनीत मिरच्या भाजत होते तेव्हा वरच्या बाईने पोलीस बोलावले, ते आलं. कॉमेंटसुद्धा आल्या. फोटोसकट.

कसले फोटो म्हणजे? जुन्या जागी नाव द्यायचं नसेल तर नुसतं ‘निनावी’ दिसायचं, पण ईमेल टाकावाच लागायचा — तो कुणाला दिसत नाही असं वाटलं असेल तुला. नव्हताच दिसत. पण ही नवी जागा भारी चोंबडी, ईमेलवरून माणूस हुडकते नि त्याचा फोटो चिकटवते. तर तो निनावी — आठवतो ना? ‘मिरची करपली, करणारीसारखीच’ लिहिणारा? मी तुझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले होते, आणि तू म्हणालीस, असेल कुणी मेला रिकामटेकडा, सोड — तर त्या मेल्याच्या नावापुढे आता तू आहेस. लाल टोपीतली, बुद्वाच्या किनाऱ्यावरची. तो फोटो मीच काढलाय, स्लाविका. टोपीही माझीच.

कॉफी नको ढवळूस, गाळ वर येईल.

कुमा आहेस तू माझी. लग्नात माझी साक्षीदार म्हणून उभी राहिलेली. सख्खी बहीण परवडली, तिच्याशी भांडता तरी येतं — कुमाशी भांडलं तर संत योवान बघून घेतो म्हणायची आई. केसाने गळा कापलास गं! आणि कशासाठी? चार बायका माझ्या मुरंब्याला छान म्हणाल्या म्हणून? पण राग त्याचा नाही... खरं सांगू? मी त्या निनावीची वाट बघायचे. बाकीच्या बायका फुलांची चित्रं चिकटवून जायच्या, वाचत कुणीच नव्हतं. तो मात्र वाचून चुका काढायचा — मीठ कधी घातलं ते लिहिलं नाही म्हणायचा, आणि खरंच लिहिलेलं नसायचं! पुढेपुढे तर मी त्याच्यासाठीच लिहायला लागले — घे, हे सांगायचं नव्हतं तुला.

पण मिलुतिन गेल्यावरचं? मी त्याच्यावर लिहिलं. दवाखान्यातले शेवटचे दिवस, तो काय काय बोलला, सगळं, थेट ब्लॉगवरच, कागदावर एक ओळ नाही. सकाळी टाकलं. आणि निनावी म्हणतो, ‘मेलेल्या नवऱ्याच्या नावावर अजून किती दिवस टाळ्या घेणार?’ संध्याकाळी तू चीजची पिटा घेऊन आलीस, माझे डोळे पुसलेस. तू गेल्यावर मी ते लिहिलेलं पुसून टाकलं. इतकी लाज वाटली मला. माझ्या माणसाबद्दल लिहिल्याची लाज! आता वुकला विचारलं, तर म्हणतो, आई, पुसलेलं हलवता येत नाही.

रडू नकोस. माफीबिफीसाठी नाही बोलावलं तुला. मला एवढंच हवंय — मी तेव्हा गोळ्यांवर होते, लिहिलं आणि डोकं रिकामं झालं. शेवटी मिलुतिन माझा हात धरून माझ्याबद्दल काहीतरी म्हणाला होता. काय म्हणाला, ते आता आठवतच नाही गं. कितीही डोकं खाजवलं तरी नाही. दुसरं कुणी वाचलं असेल? मुळीच नाही. तूच वाचलंयस. शेवटच्या परिच्छेदात होतं. शब्द नसतील आठवत तर नसू देत, साधारण सांग. मला चालेल.

बोल ना.

खाली काय बघतेस? — थांब. म्हणजे ते वाचलंच नव्हतंस? वरच्या दोन ओळी बघून लिहिलंस तू?

ऊठ. राहू दे ती कॉफी. घरी जा.